स्क्रीन काळवंडायची तेव्हा

माझ्या नवऱ्याचा आवाज गेला त्याच्या आधी हात गेले होते. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, मज्जातंतू कसे एकेक करून काम सोडतात ते कागदावर काढून दाखवलं, आणि उपचारांबद्दल विचारलं तेव्हा ते कागदाकडेच बघत राहिले. डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत तो कॉम्प्युटर सांभाळायचा. अख्ख्या ऑफिसच्या मशिन्स त्याच्या हाताखालून गेलेल्या. आता त्याची मान तेवढी हलत होती, आणि डाव्या पायाचा अंगठा.

मानेवर चालणारा एक प्रोग्रॅम त्याने स्वतःच शोधून ठेवला होता, हात चालत होते तेव्हाच. लॅपटॉपचा कॅमेरा चेहऱ्याकडे बघायचा, डोकं जिकडे वळेल तिकडे बाण सरकायचा, जिथे थांबेल तिथे क्लिक व्हायचं. स्क्रीनवरच्या कीबोर्डवरून असं एकेक अक्षर वेचून तो लिहायचा. मी नोकरीला ठाण्याला. सकाळी त्याचं सगळं आवरून, त्याला खुर्चीत बसवून निघायचे. खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे किल्ली असायची. त्याला पाणी हवं असलं, मान अवघडली, की तो लॅपटॉपवरून काकूंच्या मोबाईलवर मेसेज टाकायचा आणि काकू गुडघे धरत वर यायच्या.

अडचण एकच होती. तो प्रोग्रॅम मधेच बंद पडायचा. परत सुरू करायला अंगठ्याखाली एक बटण बसवून घेतलं होतं. पण बटण दाबलं की प्रोग्रॅम सुरू व्हायच्या आधी सगळी स्क्रीन काळवंडायची आणि मधोमध प्रश्न यायचा: या ॲपला तुमच्या कॉम्प्युटरमध्ये बदल करू द्यायचे का? हो किंवा नाही. बाकीच्या खिडक्यांवर बाण चालवायचा तर त्या प्रोग्रॅमला ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार लागायचे, म्हणून ही विचारणा. आणि 'हो' दाबायला बाण हवा, जो त्या प्रोग्रॅमशिवाय हलत नव्हता. थोडा वेळ वाट बघून कॉम्प्युटर आपणच 'नाही' समजायचा.

काकू मधूनमधून डोकावायच्या आणि 'हो' दाबून जायच्या. एकदा मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "अगं, मी गेले तेव्हा नुसता बसलेला गं समोर बघत. कधीपासून तसा होता, देव जाणे. मला बघून डोळे भरले त्याचे."

मी त्याला म्हटलं, "अरे, ती विचारणाच बंद करून टाकू ना. कॉम्प्युटरच्या दुकानातला माणूस म्हणाला, एका मिनिटाचं काम आहे."

त्याने मान हलवली. मग बराच वेळ घेऊन लिहिलं, 'नको. मग कुणीही घुसेल. फक्त याच्यापुरतं करायचं.'

रविवारी तो लिहीत गेला आणि मी करत गेले. टास्क शेड्युलर, म्हणजे नेमून दिलेली कामं चालवणारी कॉम्प्युटरचीच सोय, ती उघड. नवीन टास्क कर. सर्वोच्च अधिकारांनी चालव, त्यावर खूण कर, म्हणजे दर वेळी विचारणार नाही. मग त्या टास्कला हाक मारणारा शॉर्टकट, आणि बटण त्या शॉर्टकटला जोडायचं. मी चुकले की तो 'थांब' लिहायचा, आणि तेवढ्यात मी पुढचं काहीतरी दाबून बसलेली असायची. शेवटी त्याने अंगठा दाबला. काळोख नाही, प्रश्न नाही. बाण आला. त्याने लिहिलं, 'काकूंचे गुडघे सुटले.' मला हसू आलं. कितीतरी दिवसांनी तो ऑफिसातून घरी आल्यासारखा दिसला.

त्याच आठवड्यात शुक्रवारी दुरुस्तीसाठी लाइट गेली. काकू कोपर स्टेशनजवळ बहिणीकडे गेल्या होत्या, तसं त्यांनी आम्हाला आदल्या दिवशी सांगितलंही होतं. काही लागलं तर मलाच मेसेज कर, असं त्याला सांगून मी निघाले होते. दुपारी मी त्याला मेसेज केला, 'बरा आहेस ना?' उत्तर नाही आलं. झोप लागली असेल असं वाटलं. नेहमीच्या गाडीने परत आले.

दार उघडलं तेव्हा घरात संधिप्रकाश होता. तो खुर्चीत पुढे घसरलेला, हनुवटी छातीला टेकलेली, शर्ट लाळेने भिजलेला. लॅपटॉपची बॅटरी संपून स्क्रीन विझली होती. तरी अंगठ्याखालचं ते बटण तो दाबत होता. टक्. थोडं थांबून परत टक्. मी त्याचं डोकं वर उचललं तरी त्याचा अंगठा थांबेना. मी खाली बसून त्याचा पाय हातात धरला तेव्हा थांबला.

दुसऱ्या दिवशी शोधलं. त्या टास्कच्या अटींमध्ये एक खूण आधीपासूनच असते: मशीन विजेवर असेल तरच सुरू कर. लाइट गेल्यावर चालू टास्क थांबलं, आणि नुसत्या बॅटरीवर ते परत सुरूच होत नव्हतं. मी खूण काढून टाकली. "झालं रे, एवढंच होतं," म्हटलं.

त्याने लिहिलं, 'मला हे माहीत होतं.' मग बाण अक्षरांवरून नुसता फिरत राहिला. नंतर: 'लोकांना मी हेच शिकवायचो. विसरलो.'

"अरे, कुणीही विसरेल."

'हात गेले, आवाज गेला. डोकं होतं.'

मी त्याचं तोंड पुसलं आणि कुकर लावायला गेले. 

त्यानंतर प्रोग्रॅम कधी अडला नाही. लाइट असो-नसो, अंगठा दाबला की बाण हजर. पण गणपतीच्या सुमारास मान ढिली पडायला लागली. बाण कोपऱ्यात जाऊन थरथरत राहायचा. एक अक्षर वेचायला त्याला घाम फुटायचा. मी उशा बदलल्या, पट्टा बांधला, कॅमेरा खाली घेतला. एक दिवस अंगठा दाबायचंही त्याने सोडलं. "लाव ना रे सुरू," मी म्हणायचे. तो खिडकीकडे बघायचा. थंडीत त्याला श्वास घेता येईना, आणि कल्याणच्या हॉस्पिटलमधून मी एकटीच घरी आले.

पुढे कल्याणहूनच एका बाईंचा फोन आला. त्यांच्या नवऱ्याला तोच आजार, माझा नंबर डॉक्टरांकडून मिळालेला. तिथेही स्क्रीन काळवंडत होती. मी गेले. त्यांच्या नवऱ्याची मान अजून ताठ होती, हात मांडीवर पडलेले. मी टास्क केलं, अधिकारांची खूण केली, विजेची काढली, प्लग ओढून बॅटरीवर चालवून दाखवलं. बाण पळायला लागला तसा त्या माणसाचा चेहरा इतका खुलला की मला तिकडे बघवेना.

बाई मला दारापर्यंत सोडायला आल्या. दार ओढून घेत हळूच म्हणाल्या, "ताई, तुमच्याकडे किती दिवस चाललं हो हे?"

मला खोटं सुचलं नाही. "थोडेच," मी म्हणाले.

त्यांनी माझा हात धरला. आम्ही दोघी तशाच जिन्यात उभ्या राहिलो. आतून स्क्रीनवरच्या कीबोर्डवर एकेक अक्षर वेचलं जात असल्याचे टक्-टक् आवाज येत होते.