येसाजीचं नळकांडं आणि चंद्रीचा पान्हा

येसाजी समोर बसलेला असला तरी दिसायचा नाय, असा माणूस. लग्नाच्या पंगतीत वाढपी त्याला हमखास चुकवून पुढं जायचा आणि हा बापडा पानातलं मीठ बघत बसायचा. घरात दोघांचं बोलणं बायको सोनुबाई एकटीच बोलायची. साजगावच्या एका कारखान्यात तो गेटवर उभा राहायचा. तिथले साहेब त्याला तीन वेगवेगळ्या नावांनी हाका मारायचे आणि हा तिन्हींना ओ द्यायचा.

अशा माणसाच्या सायकलीला नळकांडं लागलं.

गुडघे दुखायला लागले म्हणून त्यानं जुन्या सायकलीवर पेट्रोलचं छोटं इंजिन बसवून घेतलं. चौक गावात हायवेवर मनोजचं गॅरेज हाय, तिथं. मनोज पोरगा हौशी. त्यानं इंजिनाबरोबर आलेला सायलेन्सर काढला आणि चकचकीत नळकांडं लावून दिलं. म्हणाला, काका, आता गाडी मोकळा श्वास घेईल. गाडीनं श्वास घेतला नाय, बोंब मारली. येसाजी आळीतून गेला तर चार माणसं दारात आली. सत्तावन्न वर्षांत पहिल्यांदा त्याच्यासाठी कुणी मान वळवली होती. लाजला खरा, पण आतून सुखावला लबाड. येताना मुद्दाम मूठ पिळली.

त्याच आठवड्यात शेजारच्या इंदूबाईकडं सून आली, भाविका, कशेळ्याची. इंदूबाईच्या गोठ्यात चंद्री म्हैस. सकाळची धार भाविकानं काढायची, संध्याकाळची इंदूबाईनं, असं ठरलं. पोरीच्या माहेरी शेळ्या होत्या, पण हात हलका, शिकली पटकन. पहिले दोन दिवस बादली भरली. नंतर सकाळचं दूध आटलं. संध्याकाळी इंदूबाई बसली की चंद्री पान्हा सोडायची, सकाळी भाविका बसली की चोरायची. आता ह्याहून मोठा पुरावा कुठल्या सासूला लागतो?

आणि नेमक्या त्याच तिसऱ्या दिवसापासून येसाजीला सकाळची पाळी लागली होती, पावणेसहाला निघायचा, दुपारीच परतायचा. गोठ्याच्या कुडाला घासून जाणारा रस्ता, चंद्रीच्या पान्ह्याची वेळ, आणि वर ते नळकांडं.

येसाजीला कळलं नसेल म्हणता? त्याच्या घरीही बारा वर्षं म्हैस होती. चौथ्या दिवशी जाता जाता कुडाच्या फटीतून त्यानं बघितलं, चंद्रीचे कान टवकारलेले, पाठीची कातडी थरथरतेय, भाविका खाली बसून कास चोळतेय. बघितलं, कळलं, आणि गाडी पुढं गेली. होईल सवय जनावराला, असं त्यानं स्वतःला सांगितलं. रोज सांगितलं. हायवेजवळचं गाव, रात्रंदिवस ट्रक चाललेले. आणखी एका फटफटीकडं दुसरं कोण लक्ष देतंय?

इंदूबाई नळावर बायकांना सांगायची, हात कोरडा हाय पोरीचा. मग हाताचा पायगुण झाला. येसाजी ते ऐकायचा आणि चपलेचा अंगठा नीट करत उभा राहायचा. सगळ्यात वाईट म्हणजे, त्याच्या चहाला त्या घरातून रोज तांब्याभर दूध यायचं, जुनी रीत. आता भाविका पाव तांब्या घेऊन यायची. खाली बघत म्हणायची, "काका, आज एवढंच निघालं." हा तांब्या घ्यायचा. हाताला तो तापल्या तव्यासारखा लागायचा, पण तोंड उघडायचं नाय.

सहा आठवडे असे गेले. मग एका रविवारी सोनुबाईच्या मोरीतल्या दोन्ही तारेच्या घासण्या गायब झाल्या.

त्या घेऊन येसाजी मनोजकडं गेला होता. मनोजनं डोक्याला हात लावला. लोक आवाज वाढवायला येतात, काका, तुमी पहिले कमी करायला. पण बसला बिचारा. नळकांड्यात भोकाभोकाची नळी घातली, तिच्याभोवती त्या घासण्या उसवून गच्च गुंडाळल्या, तोंडाला जाळी लावली. आवाज दबला, पण इंजिन गुदमरलं. धूर काढायला लागलं, चढाला दम तोडायला लागलं. प्लग काढला तर काळाकुट्ट. पेट्रोल जास्त जात होतं. मनोजनं कार्बोरेटरची सुई एक खाच खाली उतरवली, प्लग घासला, पुन्हा चढावर नेऊन बघितली. असं चार वेळा. पाचव्यांदा गाडी शिलाई मशीनसारखी गुणगुणत चढली. येसाजी घरी आला तो अंग हलकं होऊन. सांगायची गरजच उरली नाय, असं त्याला वाटलं. गुपचूप केलेलं पाप गुपचूप फिटलं म्हणायचं.

सोमवारी तो अलगद गेला. दुपारी परतला तर सोनुबाई दारातच. घासण्यांचं विचारून झालं, मग म्हणाली, "ऐकलं का? इंदूवैनीनं काल सुनेला कशेळ्याला धाडलं. आणि आज सकाळी स्वतः बसल्या तर चंद्रीनं बादली भरून दिली. आता पोरीला परत आणायची नाय म्हणतात."

येसाजी ओट्यावर बसला तो बसलाच. ज्या दिवशी त्यानं आवाज बंद केला, नेमकी त्याच दिवशी पोर घरात नव्हती. आधी तिच्यावर नुसता संशय होता. त्याच्या दुरुस्तीनं त्यावर शिक्का मारला.

तो तसाच इंदूबाईकडं गेला आणि चाचरत म्हणाला की ते माझ्या सायकलीमुळं होतं. इंदूबाई हसली. भावजी, तुमी भले, पोरीची दया आली तुमाला. पण तुमची सायकल ती केवढी, माझी म्हैस केवढी. तिचा मुलगा, भाविकाचा नवरा स्वप्नील, तिथंच होता. तो मोबाईलमध्ये असा शिरला की पायच बाहेर राहिले.

येसाजीनं रात्रभर कूस बदलली. पहाटे उठला, जाळी काढली, सोनुबाईच्या घासण्या ओढून बाहेर काढल्या. इंदूबाई धारेला बसली, बादली अर्धी झाली, तेवढ्यात कुडापलीकडं नळकांड्यानं बोंब मारली. चंद्री उडाली. बादली एकीकडं, इंदूबाई दुसरीकडं, दूध सगळीकडं. पान्हा गेला तो गेलाच. इंदूबाईनं अर्धा तास कास चोळली, थेंब नाय.

येसाजी गाडी बंद करून गोठ्याच्या तोंडाशी आला. दुधानं भिजलेली इंदूबाई बादली सरळ करून उभी राहिली.

"तुमाला कधीपासून ठावं होतं?"

"चौथ्या दिवसापासून, वैनी."

शिव्या खायची तयारी करून आला होता तो. पण इंदूबाईनं शिवी दिली नाय. पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "मंग मी नळावर बोलत व्हते, तवा तिथंच उभं व्हता तुमी." एवढंच. त्यापेक्षा चार ठेवून दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं त्याला.

त्यानं पाळी बुडवली आणि जीप पकडून कशेळ्याला गेला. भाविका अंगणात पापड वाळत घालत होती. त्यानं सगळं सांगितलं, घासण्यांसकट. तिनं ऐकून घेतलं, पापडाची कड सरळ केली. "मी रोज रात्री हात बघायची, काका," ती म्हणाली. "आईला दाखवले. तिनं तेल लावून दिलं." आणि मग, आवाज न चढवता, "मी येईन. पण न्यायला आत्याबाईंनी यायचं. आणि नळावरनं चालत न्यायचं."

हा निरोप येसाजीनं एक शब्द न गाळता दिला. आयुष्यातलं त्याचं सगळ्यात लांब भाषण ते. इंदूबाई दोन दिवस फुगून होती, तिसऱ्या दिवशी ठेवणीतलं लुगडं नेसून जीपमध्ये बसली. दुपारी दोघी नळावर उतरल्या. इंदूबाईनं बायकांना सांगितलं की हात पोरीचा चांगला हाय, कान माझे वाईट होते. स्वप्नील पिशवी घेऊन मागं, ह्यावेळी मोबाईल खिशात.

नळकांड्यात नव्या घासण्या गेल्या, सुई पुन्हा खाचेत बसली. गाडी आता एवढी गप्प की मांजरही बाजूला होत नाय. तरी येसाजी गोठ्याच्या अलीकडं इंजिन बंद करतो आणि दुखऱ्या गुडघ्यांनी सायकल ढकलत पुढं नेतो. कुणी सांगितलेलं नाय त्याला.

आणि भाविका तांब्या घेऊन येते, काठोकाठ भरलेला. आता खाली बघत नाय, सरळ बघते. त्यामुळं येसाजीच खाली बघतो. चहा होतो, वर जाड साय धरते, आणि सोनुबाई दोनदा ओरडल्याशिवाय त्याच्यानं तो कप उचलवत नाय.