माशांचं शिळं पाणी

मी कंपनीत मापं तपासते. वाळूजच्या ज्या कारखान्यात माझी नोकरी आहे, तिथं माझ्या टेबलावरून पुढं गेलेला नग सहसा परत येत नाही, आणि याचा मला थोडा माज आहे हे कबूल करते. बजाजनगरच्या आमच्या दोन खोल्यांत माशांची काचेची टाकी आली, तेव्हा तीही मी नवं मशीन बसवावं तशीच बसवली.

हौस माझीच. लहानपणी दाताच्या दवाखान्यात अशी एक टाकी होती, तिच्यासमोर बसलं की माझी दाढ दुखायची थांबायची. चाळिशीला टेकल्यावर म्हटलं, आता कुणाची वाट बघायची?

घरात आम्ही तिघं. मी, नवरा आणि सासरे. सासऱ्यांना मी मामा म्हणते. त्यांचं सगळं आयुष्य फुलंब्रीकडं मेंढरांमागं गेलं. सासूबाई गेल्यावर ते गावी एकटेच राहिले, आणि एकदा पहाटे ओट्यावरून पडले ते दुपारी शेजाऱ्यांनी बघेपर्यंत तसेच पडून होते. मग नवऱ्यानं मेंढरं विकायला लावून त्यांना इथं आणलं. ते आले, पण घोंगडी आणि पिशवी दारामागच्या खिळ्याला अडकवून ठेवली. कपाटात ठेवते म्हटलं की म्हणायचे, "असू दे तिथंच. लागंल कवा तरी." नवरा त्या पिशवीकडं बघत बघत जेवायचा. परत एकटे गेले आणि परत पडले तर, ही धास्ती त्याच्या तोंडावर दिसायची.

आमच्याकडं नळाला चौथ्या दिवशी पाणी येतं. ते भरायचं काम मामांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. पाण्याआधी नळातून नुसती हवा सूं सूं करत येते, ती त्यांना आतल्या खोलीत ऐकू जायची. मग उरलेलं शिळं पाणी बाहेरच्या कडुलिंबाला, भांडी घासून लख्ख आणि ताजं पाणी काठोकाठ. या एका कामापुरते ते पुन्हा पहिल्यासारखे ताठ चालायचे.

माशांच्या दुकानदारानं मला बजावलं होतं, "ताई, नळ का पानी डायरेक्ट नक्को डालो. उसमें दवा रैती. बकेट में दो दिन रखो, शिळा होने दो, फिर डालो." मी मान डोलावली. सूचना पाळण्यात माझा हात कोण धरणार!

टाकीखाली थर्मोकोल घातला, पाणसळ लावून सपाटी बघितली. खडे गढूळ पाणी यायचं थांबेपर्यंत धुतले. हवेचा पंप टाकीपेक्षा उंच फळीवर ठेवला, नाहीतर लाईट गेली की नळीतून पाणी उलटं पंपात येतं. हीटर पाण्यात नीट बुडाल्याशिवाय बटणाला हात लावला नाही. वायरींना बोर्डाच्या खाली झोल दिला, म्हणजे थेंब ओघळला तर बोर्डात न शिरता खाली गळेल. शेवटी प्रत्येक बटणाखाली चिठ्ठी चिकटवली. पंप, फिल्टर, हीटर, दिवा. मोरीतल्या निळ्या बादलीवर तर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'माशांचे पाणी. हात लावू नये.'

मामा खाटेवर बसून सगळं बघत होते.

"पान्यातल्या जिवाला वारं घालायला पंप?"

"हो मामा."

"आन् थंडी वाजती म्हनून शेगडी?"

"हीटर म्हणतात त्याला."

"लई लाडाची मेंढरं दिसत्यात," ते म्हणाले.

तेव्हापासून मासे म्हणजे मेंढरं. आधी काही दिवस टाकी नुसतीच चालवायची होती, तर रोज विचारायचे, "मेंढरं कवा येत्यात?" शेवटी मॉली जातीच्या सहा केशरी मासोळ्या आणल्या. मला त्या सगळ्या सारख्याच दिसायच्या. मामा मात्र सकाळ-संध्याकाळ काचेसमोर उकिडवे बसून त्या मोजायचे, आणि चार दिवसांत त्यांना एकेक ओळखू यायला लागली. ही भित्री, ही खादाड, ही कडंकडंनं चालनारी. टाकी माझी आणि माहिती यांना, याचं मला जरा वाईटच वाटलं.

पाणी बदलायचा पहिला रविवार आला. सकाळी मी भाजी आणायला गेले होते. परत आल्यावर नळीनं टाकीतलं बादलीभर पाणी काढलं आणि निळ्या बादलीतलं सावकाश आत ओतलं. अर्ध्या तासात मासे वर येऊन तोंडं उघडायला लागले. मी पंप बघितला, फिल्टर बघितला, हीटर बघितला. सगळं ठीक. संध्याकाळपर्यंत चार उलटे झाले.

तेव्हा मामा हळूच म्हणाले, "पानी तर ताजं व्हतं. सकाळी नळ आला तवा बादलीतलं शिळं वतून दिलं, घासून भरली म्या. जनावराला शिळं पाजत नसतेत."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "कळत नाही तर हात कशाला लावता तुम्ही?" मी ओरडले. नवरा मधे पडला, त्यालाही झापलं. मामा खाटेवरून उठले. चार मासे कागदात गुंडाळून बाहेर गेले आणि कडुलिंबाखाली पुरून आले. त्या रात्री ते जेवले नाहीत.

सकाळी मोरी घासताना जाळीत चिठ्ठी सापडली. भिजून लगदा झाला होता, तरी अक्षरं लागत होती. हात लावू नये.

मामांना वाचता येत नाही. माझ्या लग्नाला अकरा वर्षं झाली; गावी काय नि इथं काय, घरात आलेली प्रत्येक लग्नपत्रिका मीच त्यांना वाचून दाखवत आले आहे. नवऱ्याला मी एकेक बटण हात धरून समजावलं होतं. आणि घरात ज्या माणसाच्या हातात पाणी, त्याला एका शब्दानं सांगितलं नव्हतं. चिठ्ठी लावली होती! इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

बाहेर आले तर मामा घोंगडी खांद्यावर टाकून, पिशवी हातात घेऊन उभे. "त्याला म्हनावं हर्सूलपस्तोर सोड. तिथनं फुलंब्रीची गाडी भेटंल मला."

"मामा, माझं चुकलं," मी म्हणाले. मला रडू यायला लागलं. चूक कबूल करायची मला सवय नाही. "नळाच्या पाण्यात औषध असतं. आपल्याला चालतं, माशांना विष होतं. दोन दिवस शिळं झालं की उडून जातं. हे तुम्हाला सांगायचं होतं, मी सांगितलंच नाही. जाऊ नका."

ते वळून टाकीजवळ गेले.

"मंजी मेंढराला ताजं आन् माशाला शिळं?"

"हो."

"मंग सांगायचं की, पोरी. म्या काय हेकट हाय व्हय?"

घोंगडी आणि पिशवी खाटेवर टाकून ते मोरीत गेले. दाराला लावून उरलेला लाल ऑइलपेंट त्यांनी शोधून काढला, त्यात बोट बुडवलं आणि निळ्या बादलीवर आडवा पट्टा ओढला. कळपात आपलं मेंढरू ओळखू यावं म्हणून त्याच्या पाठीवर ओढायचे, तसाच. चिठ्ठीची गरज संपली.

उरलेल्या दोन मॉली जगल्या, त्यांना पुढं पिल्लंही झाली. आता बादली कधी रिकामी करायची ते मामा ठरवतात. परवाच मी घाईत ती उचलली, तर खाटेवरून आवाज आला, "थांब. कवळं हाय अजून."

मी बादली खाली ठेवली. पाणी काढायची नळी परत दारामागच्या खिळ्याला अडकवली. घोंगडी-पिशवी कपाटात गेली, तेव्हा तिची ती जागा मामांनीच ठरवून दिली.