दुधातल्या दशम्या

भिंगारच्या बाजारात एक पेन्शनर हवालदार होता. त्यानं मिलिटरीच्या लिलावात एक जुनी जीप घेतली आणि दर रविवारी सीटा भरून लोकांना डोंगर दाखवायला न्यायला लागला. सकाळी गोरक्षनाथाचा डोंगर, दुपारी डोंगरगण, मग मांजरसुंब्याचा गड, दिवेलागणीला परत. रस्ता म्हणावा असा रस्ता नव्हताच. शेंडीच्या पुढं डांबर संपलं की बैलगाडीची चाकोरी, ओढे आणि दगडगोटे. एस.टी. जिथं जायला धजत नव्हती तिथं ही जीप जायची. पण सगळ्या सीटा भरल्याशिवाय तो गाडीला हात लावायचा नाही.

लोक सहलीच्या आठवणी काढून हसतात. माझ्या मात्र अजून डोक्यात तिडीक जाते.

बहात्तरचा दुष्काळ यायच्या आदल्या हिवाळ्यातली ही गोष्ट. वडील मिलिटरीच्या वर्कशॉपात फिटर होते, म्हणून आम्हाला भिंगारला क्वार्टर मिळालेलं. आम्ही बौद्ध. आजोबांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली तेव्हा मी जन्मलेही नव्हते. घरात देव नव्हते, उपास नव्हते, आणि वडील सांगायचे की आता आपण कुणापेक्षा कमी नाही. सांगायचे ते घरात, दार लावून. भिंतीपलीकडं वडिलांच्या वर्कशॉपच्याच ऑफिसातले हेडक्लार्क राहायचे. त्यांच्या बायकोला मी काकू म्हणायची. काकू तशा गोड बोलायच्या. आईशी कुंपणावरून तासतासभर गप्पा मारायच्या, लोणच्याचं प्रमाण सांगायच्या, माझ्या वेण्यांचं कौतुक करायच्या. पण इतक्या वर्षांत आमच्या घरात त्यांनी पाण्याचा घोट घेतला नव्हता. आत्ताच चहा झाला म्हणायच्या. पोट बिघडलंय म्हणायच्या. बाईचं पोट तरी किती वेळा बिघडावं?

आईला एवढी एकच गोष्ट हवी होती. काकूंनी तिच्या हातचं खावं. बाकी काही नाही, दागिना नाही, साडी नाही. मला हे तेव्हाही कळत होतं, कारण काकू कुंपणाशी आल्या की आई दर वेळी विचारायचीच, जरा चव बघता का म्हणून.

त्या रविवारी काकू, काका आणि कोपऱ्यावरचे स्टोअरकीपर नवराबायको असे चौघं जाणार होते. एक बिऱ्हाड गुरुवारीच गळालं. सीटा रिकाम्या राहिल्या आणि हवालदार अडून बसला. तेव्हा काकू कुंपणाशी आल्या आणि म्हणाल्या की तुम्ही तिघं चला की आमच्याबरोबर. सीट भरायला बोलावतायत हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. आईला ते आमंत्रण वाटलं. दुपारी अंगतपंगत करायची असं ठरलं होतं, म्हणजे ज्यानं त्यानं आपापलं आणायचं आणि मध्ये ठेवून सगळ्यांनी मिळून खायचं. काकू पुऱ्या-भाजी करणार, स्टोअरकीपरीण दहीभात. आईनं विचारलं, मी काय करू. काकू म्हणाल्या, तुम्ही कशाला चुलीपाशी बसताय, तुम्ही आपली केळी आणा.

केळ्याला साल असते. ती सोलली की आतल्याला कुणाचा हात लागलेला नसतो. एवढं साधं गणित, पण ते मला कळायला पुढं खूप वर्षं लागली. आईला वाटलं, काकूंनी आपला त्रास वाचवला. त्या मायेची फेड म्हणून तिनं ठरवलं की केळी तर न्यायचीच, शिवाय दशम्याही करायच्या.

दशमीच का, तेही सांगते. माझी आजी शेवगावकडं एका मोठ्या बागाइतदाराच्या वाड्याबाहेरचं अंगण झाडायची. तिथल्या बायका गावाला निघाल्या की दशम्या करून न्यायच्या. पीठ पाण्यात नाही, दुधात भिजवायचं. दुधातलं असलं की वाटेत कुणाचा हात लागला तरी विटाळत नाही, असं त्या आपसांत बोलायच्या आणि अंगणात वाकलेली माझी आजी ते ऐकायची. आजीनं ते आईला सांगितलं. आईनं ते मनात जपून ठेवलं. देव सोडले, पोथ्या सोडल्या, आणि ही एवढी मेली रीत तेवढी धरून बसली. तिला वाटायचं, त्यांच्याच घरचा नियम आहे, तो ते कसा मोडतील?

दोन दिवस आमच्या घरात चहा झाला नाही. रतिबाचं सगळं दूध तिनं आटवून ठेवलं. रविवारी पहाटे उठून ज्वारीच्या पिठात गूळ घालून, दुधात मळून तिनं ढीगभर दशम्या केल्या. पांढऱ्या धुतलेल्या धडप्यात बांधल्या, बरोबर तिळाची चटणी. वडील म्हणाले, एवढ्या कुणासाठी? आई म्हणाली, सगळ्यांसाठी.

जीपमध्ये मागं समोरासमोर दोन बाकं होती. काकू पुढं हवालदाराशेजारी बसल्या, आम्ही पार मागं, फळीजवळ. शेंडी सोडल्यावर गाडीनं अशी काही उसळी घ्यायला सुरुवात केली की माझे दात एकमेकांवर आपटले. हवालदाराला त्याचंच कौतुक. चढ आला की तो दांडा ओढायचा आणि ओरडून सांगायचा की आता चारही चाकं लागली. आई गाठोडं छातीशी धरून बसली होती. आम्ही सगळे हादरत होतो, ती एकटी दशम्यांचा तुकडा पडू नये म्हणून अंग चोरून बसलेली. गोरक्षनाथाच्या डोंगरावरून राहुरीकडं लांब पाण्याची एक चकाकती रेघ दिसली. ते नवं धरण, असं हवालदारानं दाखवलं. सगळ्यांनी ते पाहिलं. आईनं पाहिलं की नाही, देव जाणे.

दुपारी डोंगरगणला पंगत बसली. खाली पाणी वाहत होतं, वर झाडांची दाट सावली. खोटं कशाला बोलू, जागा फार सुंदर होती. काकूंनी सतरंजी टाकली. ती कशी कोण जाणे आमच्यापाशी येईपर्यंत संपली. आम्ही शेजारी दगडावर बसलो. काकू वाढायला उठल्या. नवऱ्याच्या ताटात पुरी अलगद ठेवली, स्टोअरकीपरच्या ताटात ठेवली, आणि आमच्या ताटात हातभर उंचीवरून टाकली. पुरी ताटात पडल्याचा आवाज मी ऐकला. वडिलांनीही ऐकला असणार, कारण त्यांनी मान वर केली नाही.

आईनं गाठोडं सोडलं. काकू गडबडीनं म्हणाल्या, "अहो, हे कशाला उघडताय? राहू द्या, वाटेत लागेल."

"दुधातल्या हायेत, वयनी," आई म्हणाली. "पान्याचा थेंब न्हाई घातला."

स्टोअरकीपरीण पाण्याकडं बघायला लागली. मला तेव्हा आईची इतकी लाज वाटली की त्या ओढ्यात उडी मारावी. आपण कोण आहोत ते कुणी विचारलेलं नसताना तिनं आपल्याच तोंडानं सांगून टाकलं होतं. काकू नुसत्या हो का म्हणाल्या. आईनं गाठ पुन्हा मारली. तिच्या तोंडावर समाधान होतं. वाटेत खाणार म्हणजे खाणारच, असं ती धरून चालली होती.

आणि ती वेळ आलीही. मांजरसुंब्याचा गड पाहून उतरताना एका ओढ्यात जीपचं मागचं चाक दोन दगडांच्या मध्ये बसलं आणि चाकावरचा स्प्रिंगचा पाटा मोडला. चारही चाकं लावून हवालदार थकला. पुरुषांनी ढकलून बघितलं. काका घसरले तर वडिलांच्या खांद्याला धरून उभे राहिले, मग तसाच खांदा धरून ओढा ओलांडून काठावर आले. खांदा चालत होता, त्याला दुधात भिजवावं लागलं नाही. शेवटी हवालदार म्हणाला की गावातून बैलजोडी आणतो, आणि निघून गेला.

आम्ही थांबलो. ऊन उतरलं, गार वारा सुटला. पुऱ्या दुपारीच संपलेल्या, दहीभाताचं पातेलं घासून ठेवलेलं. काका दोनदा म्हणाले की पोटात कावळे ओरडतायत. स्टोअरकीपर विडी ओढून भूक मारत होते. चार माणसं भुकेली आणि त्यांच्यासमोर एक भरलेलं गाठोडं. आईनं याहून चांगला मुहूर्त मागितला नसता. तिनं हात धुतले. नीट, कोपरापर्यंत, सगळ्यांना दिसेल असे धुतले. मग धडपं सोडलं आणि काकूंपुढं धरलं. गुळाचा वास सुटला. स्टोअरकीपरणीचा हात पुढं आलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. मग तिनं काकूंकडं बघितलं आणि हात पदराखाली घेतला.

"आज माझं एकभुक्त असतं," काकू म्हणाल्या. "रविवारी एकदाच जेवते मी."

स्टोअरकीपरीण म्हणाली, माझंही. काकांना पित्त आठवलं. स्टोअरकीपर म्हणाले, दुपारचंच अजून वर येतंय. क्षणापूर्वी कावळे ओरडत होते, ते सगळे उडून गेले. आई धडपं धरून एकापुढून दुसऱ्यापुढं गेली, आणि परत काकूंपुढं आली. ती पुन्हा म्हणाली की दुधातल्या आहेत. काकू हसून म्हणाल्या, "कळलं हो. केळी आहेत ना, ती द्या. फळ चालतं."

त्यांनी केळी खाल्ली. सगळी. एकभुक्तवाल्यांनी आणि पित्तवाल्यांनी मिळून आमचा घड संपवला आणि साली ओढ्यात टाकल्या. मी वडिलांकडं बघत होते. माणसानं काहीतरी बोलावं. ते जीपच्या चाकाखाली वाकून मोडका पाटा बघत बसले होते, जसं काही तो बघून जुळणार होता. घरात दार लावून शिकवलेलं सगळं मला तिथं फुकट वाटलं. तो राग माझा आजतागायत गेलेला नाही. काका ऑफिसात वर होते, नोकरी होती, हे सगळं मला पुढं समजलं. समजलं म्हणून राग गेला असं होत नाही.

हवालदार बैल घेऊन आला तेव्हा आईनं त्याच्यापुढंही धडपं धरलं. तो तिथंच उभ्याउभ्या तीन दशम्या चटणी लावून हाणून गेला, लई झाक झाल्यात म्हणाला आणि आणखी एक खिशात घातली. आई हो म्हणाली, पण तिचं लक्ष नव्हतं. काकू शालीत तोंड झाकून लांब बसल्या होत्या, ती तिकडंच बघत होती.

बैलांनी जीप ओढून काढली. पुढं गाडी गोगलगायीसारखी चालली. भिंगारला पोचलो तेव्हा जेवणवेळ टळली होती. उतरताना काकू म्हणाल्या की मजा आली नाही का. आई म्हणाली, व्हय. वडील हात धुवायला गेले.

घरात आई गाठोडं पुढ्यात घेऊन तशीच बसून राहिली. मी एक दशमी उचलली. मला रडू येत होतं आणि भूकही लागली होती, दोन्ही एकदमच. तेवढ्यात भिंतीपलीकडं स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला, मग स्टोव्ह भरभरला, आणि थोड्या वेळानं पिठल्याच्या फोडणीचा वास आमच्या घरात शिरला. ताटल्या वाजल्या. काकूंचा आवाजही आला, काकांना म्हणत होत्या की अजून घ्या, मीही घेते.

मी आईकडं बघितलं. वाटलं, आता तरी ती चिडेल. शिव्या देईल. भिंतीवर काहीतरी आपटेल. मी तर तयारीतच होते, तिच्याबरोबर ओरडायला.

आई माझ्याजवळ सरकली. वडिलांना ऐकू जाऊ नये म्हणून तिनं अगदी हळू आवाजात विचारलं.

"शेवटच्या उंड्याला दूध कमी पडलं हुतं गं. मी वंजळभर पानी घातलं. त्यास्नी कळलं आसंल का?"