सिनेमात नसलेली अक्का

माझी शाळा कन्नड, धाकट्या भावाची मराठी. सीमाभागातल्या आमच्या कमठाण्यात याचं कुणाला नवल नाही. आई-अप्पा रानात गेले की त्याला घरात धरून ठेवायचं काम माझ्याकडे. म्हणून तुरीच्या शेंगा सोलता सोलता मी त्याला एक कन्नड प्रेमकादंबरी मराठीतून सांगत असे. प्रेमाबिमात त्याला रस नव्हता. त्याला आवडायची नायकाची अक्का. नायिकेशी भांडला की तो गडी थेट थोरल्या बहिणीकडे यायचा, चुलीपाशी बसून रडायचा आणि तिनं समजूत घातली की मगच परत नायिकेकडे जायचा. "ही तर तूच हाईस," भाऊ म्हणायचा. माझं लग्न पुढं राहूनच गेलं, पण त्या एका वाक्यावर मी बरीच वर्षं काढली.

त्याचं लग्न झालं, कलबुर्गीला बिऱ्हाड झालं. सुरुवातीला बायकोशी बिनसलं की फोन यायचा, "अक्का, ती बोलंना गेलीय, काय करू?" मग तसले फोन बंद झाले. आता तो माझी तब्येत विचारायला फोन करतो, आणि तब्येत ठणठणीत असल्यामुळे बोलणं लवकर संपतं.

यंदा पंचमीला मी त्याच्याकडे गेले. त्या कादंबरीवर सिनेमा निघालाय म्हणून त्यानं तो टीव्हीवर लावला. माझ्यासाठीच लावलाय, असं समजून मी सुखावले आणि अक्काची वाट बघत बसले. नायक-नायिकेचं भांडण झालं. आता येईल, म्हटलं. तर नायक गाडी कडेला लावून एकटाच रडला, सरळ नायिकेच्या दारात गेला आणि मनातलं सगळं बोलून मोकळा झाला. अक्काला मुळातूनच काढून टाकलं होतं. नायिकेचं त्यात भलंच झालं. पुस्तकात तिच्या वाट्याला नेहमी दुसऱ्या कुणीतरी समजावून पाठवलेला माणूस यायचा. हे मला पटत होतं, आणि तरीही सिनेमा काढणाऱ्याला दोन शिव्या हासडाव्यात असं वाटत होतं.

"ह्यातली अक्का कुठं गेली रं?" मी भावाला विचारलं.

"कोण अक्का?" त्याची नजर टीव्हीवरच.

"पुस्तकातली. तू म्हणायचास की..."

"व्हती का? मला आठवंना गेलंय."

भावजय माझ्या ताटात शेंगापोळीवर तूप वाढत होती. ती हसून म्हणाली, "काढलं ते बरंच केलेत. तुमीच न्हाई का अक्का, ह्यांना फोनवर सांगितलाव, 'मला कामून सांगायलास, तिला सांग' म्हणून? तवापासून सगळं मलाच सांगतेत. लई उपकार हाईत तुमचे."

ती मनापासून बोलत होती. सांगितलं होतं खरं मी तसं, एकदाच, थोरलेपणाच्या तोऱ्यात. त्यानं ते ऐकलं. "बरं झालं की," मी म्हणाले, पण शेंगापोळीचा तुकडा तुपात नुसताच घोळवत राहिले.