भवानीपुरातली भूमिती

आम्ही जुन्या शिकवणीतले कुणीही भेटलो, की एक किस्सा निघतो. त्याचं शेपूट धरून दुसरा. चहा गार होतो, बस चुकते, आणि निरोप घेताना जिन्यात तिसरा आठवतोच!

बापटकाका खिदिरपूरच्या गोदीत, कस्टम्समध्ये. रविवारी सकाळी भवानीपुरातल्या आपल्या घरी आम्हा मॅट्रिकच्या मराठी मुलांकडून भूमिती-त्रिकोणमितीचा गृहपाठ करून घ्यायचे. पण स्वतः कधी बसत नसत. खिडकी ते दार, दार ते खिडकी! त्यांना बघून आमचेही पाय हलायला लागत.

•

वसू जन्मापासून कलकत्त्यातला. शाळा बंगाली, भूमितीतले शब्दही बंगालीच, मराठी फक्त घरात.

"कर्ण शोध, लवकर!" काका ओरडले.

वसूने घाबरून स्वतःचा कान धरला. "सापडला."

"अरे, काटकोनासमोरची बाजू!"

"मग नीट मराठीत अतिभुज म्हणा ना, काका!"

•

हाच वसू. झाडाची उंची काढायची होती. उत्तर आलं, उणे वीस फूट.

काकांनी वही उलटीसुलटी करून पाहिली. "हे झाड आहे की विहीर?"

•

माझीही एकदा फजिती झाली. दोन त्रिकोण एकरूप आहेत, हे सिद्ध करायचं होतं. मला घरी पळायची घाई. लिहून टाकलं, 'आकृतीत दिसतंच आहे.'

काका थबकले. "आमच्या गोदीत प्रत्येक पेटी बाहेरून चहाचीच दिसते हो, बाई!"

•

एकदा काका आम्हाला उन्नतकोन मोजायला गंगेच्या घाटावर घेऊन गेले. पुठ्ठ्याचा कोनमापक, दोऱ्याला दगड. समोरच्या जहाजाच्या डोलकाठीवर कुमुदने नेम धरला, तेवढ्यात भोंगा वाजला.

"काका, जहाज निघालं!"

"थांब म्हणावं त्याला! अजून टॅन काढायचाय!"

•

कुमुद देशपांडे आमच्यातली खरी हुशार. परीक्षा तोंडावर आली आणि तिच्या वडिलांची नागपूरला बदली झाली. कुमुदने काकांकडे राहून पेपर द्यावेत, असं काका त्यांना परोपरीने सांगून आले. "मुलगी परक्या घरी राहणार नाही. वर्ष गेलं तर गेलं," देशपांड्यांनी संपवलं.

त्या रविवारीही कुमुद स्पर्शिकेच्या गणिताशी झटत बसली होती. डोळे लाल.

"आता कशाला सोडवतेस?" वसूने विचारलं.

"सुटत नाहीये म्हणून!"

•

हावड्याला आम्ही सगळे पोचवायला गेलो. सामान चढलं, देशपांडे आत जागा धरून बसले. कुमुद डब्याच्या दारात उभी, मागे तिची आई. काका फलाटावर येरझाऱ्या घालत होते. शेवटी म्हणाले, "ते स्पर्शिकेचं..."

"सुटलं, काका. वर्तुळाचं केंद्र जोडायचं राहिलं होतं."

शिट्टी झाली. कुमुद खाली उतरली.

"अगं, कुठे निघालीस?" आतून देशपांडे ओरडले.

"पेपर द्यायला, बाबा!"

गाडी हलली. देशपांडे गर्दीतून वाट काढत दाराशी पोचायच्या आत कुमुदच्या आईने पायाने एक वळकटी फलाटावर ढकलली. कुमुदचीच होती. वेगळी बांधलेली.