मंडईतला चहा
तळणीचा आणि उकळत्या चहाचा वास एकत्र आला, की सौंदडची ती मंडई आठवते. दिवाळीनंतरच्या त्या जत्रेत, भर दुपारी, माझी बालमैत्रीण आणि मी ताडपत्रीखालच्या हॉटेलात चहा प्यायला बसलो होतो. तिनं गरम आलूबोंडे न फुंकताच खाल्ले आणि कपात बघत विचारलं, “दोन रोज तुह्या घरी राहू काय? माहेरचे सासरी वापस धाडून राहिले.” मी म्हणाले, “घर पाव्हण्यानं भरून हाये.” मंडईत घरोघरी पाहुणे असतातच, म्हणून तिनं पुन्हा विचारलं नाही. महिन्याभरात सासरी तिचा जीव गेला. कशानं, ते कोणी सांगितलं नाही. आज पुन्हा मंडई आहे, घर गजबजलंय आणि मी चहा गाळतेय. त्या दिवशी आमचे पाहुणे सकाळीच परत गेले होते.