बाजरीकाकांचा तिसरा रकाना

बाजरीकाका नव्या ठिकाणी गेले की आधी गोठा शोधायचे. ऐंशीनंतरच्या वाशीत, आमच्या सोसायटीत मुलाकडे राहायला आले त्या दिवशी मला, शेजारणीला, पहिला प्रश्न हाच, "पोरी, जवळपास जनावरं कुठं असतात?" मी म्हटलं, "काका, इथं चौथ्या मजल्यावर आम्हीच!" हसले नाहीत. विचारत विचारत पायी सानपाडा गावात गेले आणि एका म्हशीची गव्हाण बघून आले.

नगरकडे एका सरकारी शेतावर त्यांनी उभा जन्म गावठी बाजरीचे वाण पारखण्यात घालवला होता. तक्त्यात दोन रकाने, दाणा आणि सरमाड, म्हणजे कणसं खुडल्यावर उरतो तो चारा. काका ते सरमाड बैलापुढे टाकायचे आणि त्यानं उष्टं किती ठेवलं तेही तोलायचे. त्यांच्या गावची कुसळी बाजरी दाण्याला उणी, पण बैल ती बुडख्यापर्यंत खायचा. साहेबांनी दाण्याचा रकाना पाहिला आणि वाण बाद केला. "दाणा बघितला, बैलाला कुणी विचारलं?" हे काका इतक्यांदा सांगत की आमटी ढवळता ढवळता ते वाक्य मीच पुरं करायची.

पुढे गावात सगळीकडे संकरित बाजरी आली. कुसळीचं बी उरलं ते काकांच्या एका डब्यात. सरकारी शेतावर नवे साहेब आले, ते म्हणाले, शुद्ध दोन किलो बी आणा, पुन्हा चाचणीत घेतो. "बाजरीचं लग्न वारा लावतो," काका म्हणायचे. गावी पेरली तर शेजारच्या संकरित वावरातले परागकण येणार आणि बी बिघडणार. वाशीत कोण बाजरी पेरतंय? बिल्डिंगमागचे प्लॉट अजून ओस होते. माघात काकांनी तिथं वाफे केले. बी जुनं, निम्मं उगवेल की नाही, म्हणून डबा पुरा रिकामा केला. पाण्याच्या बादल्या वाहून खांदा धरला. सून कावायची, "लोक काय म्हणतील!" मी काकांच्या बाजूनं. आणि माती खाल्ली ती मीच.

मी रोज चिमण्यांना वाण्याकडची बाजरी टाकायची. मागच्या गळक्या नळापाशी त्यातली आठ-दहा रोपं उगवली. काकांना गंमत दाखवू म्हणून मी ती गुपचूप जोपासली. कणसं आली तशी त्यांना हाताला धरून ऐटीत नेलं. "बघा, तुमची शिष्या!"

काकांनी कणसाला बोट लावलं. बोटाला पिवळी भुकटी आली.

"फुलोरा कधीपासून?"

"चार-पाच दिवस झाले."

त्यांनी वळून आपल्या वाफ्यांकडे पाहिलं. हाकेच्या अंतरावर तेही फुलोऱ्यात होते. काका नळाच्या कट्ट्यावर बसले. मला कळायला जरा वेळ लागला: वाण्याच्या संकरित बाजरीचं लग्न वाऱ्यानं कुसळीशी लावून टाकलं होतं.

"काका, उपटून टाकते."

"आता काय उपटतेस?"

बस्स, एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं.

वैशाखात बी भरलं अडीच किलो. दिसायला हुबेहूब कुसळीच. मी म्हटलं, "पाठवून द्या, काका. कुणाला कळणारेय?" पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "पुढच्या पेऱ्याला शेतच सांगेल. मग म्हणतील, गावठी वाण असलाच!"

साहेबांना नकाराचं पत्र गेलं. सरमाड सानपाड्याच्या म्हशीनं बुडख्यापर्यंत खाल्लं. "काका, आता ती पेंढ्याला तोंड नाय लावत," तिचा मालक कुरकुरला, तर काकांनी तेही वहीत टिपलं. बी मात्र त्यांनी गिरणीत नेऊन दळून आणलं.

सुनेनं थापलेली पहिली भाकरी ते माझ्याकडे घेऊन आले. वही उघडली. दोन रकान्यांशेजारी पेन्सिलीनं नवी रेघ मारलेली. "चवीचा रकाना आमच्याकडं नव्हताच. सांग, कशी लागते?"

मी तुकडा मोडून तोंडात टाकला. "गोड," मी कसंबसं म्हटलं.

"रडत नको सांगू. नीट चावून सांग."

मी नीट चावली. "गोड आहे, काका."

पुढच्या वर्षी त्या प्लॉटवर पाया खणायला घेतला. काका गावी गेले ते तिकडेच वारले. त्यांच्या मुलानं ती वही मला आणून दिली. शेवटच्या पानावर कुसळीपुढं दाणा आहे, सरमाड आहे, आणि तिसऱ्या रकान्यात लिहिलंय, 'गोड. शेजारच्या पोरीनं नीट चावून सांगितलं.'